हो, मोठ्याच रिसॉर्टला गेलो होतो

अकोल्यातल्या जठारपेठ चौकात सकाळी सहा-साडेसहाला चहाच्या टपरीवर आमची मंडळी जमतात. फिरणं नावाला, चहा खरा. फेब्रुवारीतल्या एका सकाळी माझा मोबाइल त्या घोळक्यातून हातोहात फिरत होता. फोटोत मी: डोक्यावर हेल्मेट, डोळ्यांवर वेल्डिंगवाल्यासारखा गॉगल, पायांना दोन लांब फळ्या, आणि कमरेखालचा सगळा देह बर्फात. मागे जपानातल्या हाकुबाचे डोंगर.

"एवढा पैसा टाकून पडाले गेल्ते का तुमी?" एकानं विचारलं. "चिखलदऱ्यात का कमी थंडी हाये?" दुसऱ्यानं भर घातली. मी हसलो. टपरीवरच्या बोलण्याचा राग धरायचा तर जठारपेठेत राहणंच कठीण.

राग आला तो संध्याकाळी, पुण्याच्या भाच्याचा. फोटो त्यानंही पाहिले होते. "मामा, हाकुबा? ते फार कमर्शियल झालंय हो. सगळे ऑस्ट्रेलियन. तिथं जपान उरलेलाच नाही. एखाद्या छोट्या गावातल्या उतारावर जायला हवं होतं तुम्ही. खरा जपान तिथं आहे." भाचा स्वतः स्की करत नाही. जपानलाही गेलेला नाही. पण मत पक्कं, आणि सूर असा की मामानं आग्र्याला जाऊन ताजमहालाऐवजी मॉल बघितला.

हे मत एकट्या भाच्याचं असतं तर कागद काळे केले नसते. चार देशांचे शिक्के पासपोर्टवर पडलेल्या प्रत्येक मराठी घरात ते आता ऐकू येतं. मोठं ते नकली, छोटं ते अस्सल. मोठ्या रिसॉर्टला गर्दी, मोठ्या रिसॉर्टला लूट, मोठ्या रिसॉर्टला सपाट केलेला मिळमिळीत बर्फ. आणि जाणकार माणूस म्हणजे जो कुणालाच ठाऊक नसलेल्या डोंगरावर एकटा जातो. हे बोलताना आवाजात जो एक हळुवार तुच्छभाव असतो, त्याला माझी खरी हरकत आहे.

आधी या 'खऱ्या जपान'चं बघू. स्की ही काय तिथली पिढीजात गोष्ट आहे? १९११च्या जानेवारीत थेओडोर फॉन लेर्ख नावाच्या ऑस्ट्रियाच्या लष्करी अधिकाऱ्यानं निगाता प्रांतातल्या ताकादाच्या पलटणीला स्की शिकवायला सुरुवात केली. हातात दोन काठ्याही नव्हत्या, एकच लांब काठी. तिथून हे वेड पसरलं. म्हणजे जपानी स्कीच्या मुळाशीच एक मिशीवाला परदेशी पाहुणा उभा आहे, आणि आमचा भाचा म्हणतो, परदेशी लोक आल्यामुळे अस्सलपणा गेला! मग १९७२चं साप्पोरोचं हिवाळी ऑलिंपिक झालं. १९८७ साली स्कीवरच्या एका प्रेमपटानं तिथल्या तरुणांना इतकं झपाटलं, की शनिवार-रविवारी अख्खं तोक्यो डोंगराकडे धावू लागलं. त्या भरात हॉटेलं उठली, लिफ्टा उभ्या राहिल्या, गाला युझावाला तर १९९०च्या डिसेंबरात बुलेट ट्रेनचं स्टेशनच स्कीच्या इमारतीत आलं. गाडीतून उतरा, बूट चढवा, वर जा. हा सगळा अवाढव्य, चकचकीत, धंदेवाईक प्रकार जपान्यांनी जपान्यांसाठी केला होता. त्याला 'जपान नाही' म्हणायचं, तर मग जपान म्हणजे काय, हे ठरवण्याचा मक्ता कोथरूडला कधी मिळाला?

पुढे तिथला पैशाचा फुगा फुटला, तरुण कमी झाले, स्की करणारे नव्वदच्या दशकातल्या आकड्याच्या तिसऱ्या हिश्श्याच्याही खाली आले. कित्येक छोटे उतार बंद पडले. त्यांच्या लिफ्टांचे खांब अजून रानात गंजत उभे आहेत. हाकुबा आणि निसेको ही मोठी रिसॉर्टं तगली ती ज्यांच्यामुळे भाच्याला मळमळतं, त्याच ऑस्ट्रेलियन लोकांमुळे. त्यांच्याकडे उन्हाळ्याची सुट्टी असते तेव्हा जपानात बर्फ असतो, आणि घड्याळही फारसं बदलावं लागत नाही. एवढं साधं गणित. गावातला लिफ्टवाला, भाड्यानं बूट देणारा, खानावळवाली यांची चूल त्या गणितावर पेटते. त्यांनी छोटं, एकाकी आणि अस्सल राहून उपाशी मरायला हवं होतं, म्हणजे मग भाच्याला फोटोत बरं दिसलं असतं.

आणि मोठं म्हणजे गाव मेलेलं, हे तरी कुणी सांगितलं? नोझावा ओनसेन घ्या. नागानो प्रांतातलं गरम झऱ्यांचं जुनं गाव, आणि स्कीचं मैदान म्हणाल तर चांगलं प्रशस्त. गावात तेरा सार्वजनिक स्नानगृहं आहेत, त्यांची निगा गावकरीच राखतात. १५ जानेवारीला तिथं अग्निउत्सव होतो. लाकडांच्या उंच मचाणावर गावातले ४२ वर्षांचे पुरुष बसतात, २५ वर्षांचे पायथ्याशी राखण करतात, आणि बाकीचं गाव पेटत्या मशाली घेऊन त्यांच्यावर चालून येतं. हीच माणसं दुसऱ्या दिवशी लिफ्टवर तिकीट तपासतात. आता याला मोठं म्हणायचं की अस्सल?

या 'छोट्यात जा' उपदेशाची मला एवढी चीड का, तर मी तो ऐकला होता. मुलगी तोक्योत असते, निशी-कासाईला. आम्ही गेलो त्या आठवड्यात तिच्या ओळखीतल्या कुणीतरी असाच सल्ला दिला, आणि पहिले दोन दिवस आम्ही एका छोट्या गावातल्या उतारावर काढले. गावाचं नाव लिहीत नाही. दोष त्यांचा नव्हता, तो उतार त्यांनी त्यांच्या पोरांसाठी राखला होता, अकोल्याच्या निवृत्त बँकवाल्यासाठी नव्हे. भाड्याच्या दुकानात माझ्या पायाचा बूट नाही. जपानात बुटाचं माप सेंटिमीटरमध्ये, माझा पाय साडेअठ्ठावीस, त्यांच्याकडे शेवटचा बूट साडेसत्तावीस. शिकवणारा फक्त रविवारी. लिफ्ट म्हणजे एकेका माणसाची खुर्ची, पुढे अडवायला दांडाही नाही. ती गुडघ्यामागे येऊन धडकते आणि तुम्हाला उचलते. बायको एकदा वर गेली, आणि खाली कसं यायचं हे कुणी सांगितलेलं नसल्यानं बसून, घसरगुंडीवरून यावं तशी आली. मी खानावळीत बसून होतो. ताटात डुकराच्या मांसाशिवाय काही नाही, म्हणून पांढरा भात आणि सोबत नेलेला ठेचा. दोन दिवस मी 'खऱ्या जपान'कडे काचेतून बघितलं. सुंदर होता. पण बघायचंच होतं तर टीव्ही घरी आहे.

तिसऱ्या दिवशी हाकुबा. बुटांच्या दुकानात मापांची रांगच्या रांग. स्कीचा बूट हे एक प्रकरणच असतं: पोटरीपर्यंत कडक प्लॅस्टिक, चार कड्या, घोटा रेसभरही हलता कामा नये. तो घालून चाललो तेव्हा दोन्ही पाय भरलेल्या घमेल्यांत रोवल्यासारखे वाटत होते. नवशिक्यांसाठी वेगळं आवार. त्यात सरकता पट्टा; त्याच्यावर उभं राहायचं आणि तो सावकाश वर नेतो. माझ्या पुढे चार वर्षांचं जपानी पोर, मागे सिंगापूरची बाई. शिकवणारी मुलगी इंग्रजी बोलणारी. फळ्यांची पुढची टोकं जवळ, मागची लांब, असा कोन केला की वेग मोडतो. जपानी पोरांना ती त्यांच्या लिपीतलं 'हा' अक्षर करायला सांगत होती, आम्हाला इंग्रजीत "पिझ्झा, पिझ्झा" ओरडत होती. मी मनात म्हणत होतो: चतकोर, चतकोर. ज्वारीच्या भाकरीचा चतकोर पायांत धरला, आणि तिसऱ्या खेपेला थांबलो. माझ्या इच्छेनं, माझ्या जागी. अठ्ठावन्न वर्षांचा माणूस स्वतःच्या पायांवर नव्यानं ताबा मिळवतो, तेव्हा आजूबाजूला ऑस्ट्रेलियन किती आहेत हे मोजत बसत नाही.

तर टपरीवरच्या प्रश्नाचं उत्तर: हो, पडायलाच गेलो होतो. तिथं पडायची सोय आहे. पडलेल्याला उठवायला माणूस आहे, गुडघा दुखावला तर घसरगाडी घेऊन येणारी गस्त आहे, पायथ्याशी दवाखाना आहे. ही सोय मोठेपणातून येते. शेकडो बूट, डझनभर शिक्षक, पट्टा, गस्त हे सगळं पोसायला हजारो तिकिटं खपावी लागतात. तीन वर्षांचा असताना आईच्या मागे स्कीवर घसरू लागलेल्याला यातलं काहीच लागत नाही, म्हणून त्याला मोठ्याचा कंटाळा येतो. त्याचा कंटाळा आम्ही उसना घ्यायचा? ज्या जिल्ह्यात २०२४च्या मे महिन्यात उन्हापायी जमावबंदीचं १४४ कलम लावावं लागलं, तिथल्या माणसानं बर्फाच्या बाबतीत दर्दी असल्याचा आव कुठून आणायचा?

आपल्याकडचंच उदाहरण बघा. शेगावला दर्शनबारीत उभं राहून कुणी म्हणतं का, की संस्थान मोठं झालं, आता एखाद्या छोट्या मठात जावं? उलट हातपाय धड नसलेली म्हातारी निर्धास्त येते ती तिथं व्यवस्था मोठी आहे म्हणून. चाकाची खुर्ची आहे, सेवेकरी आहे, स्वस्त जेवण आहे, स्वच्छ संडास आहे. मोठी जागा दुबळ्याला आत घेते. आडवाटेचं देऊळ तरण्याताठ्यांना फार आवडतं, कारण त्यांचे गुडघे शाबूत असतात.

आणि गर्दीची तक्रार तर अकोलेकरानं करूच नये. श्रावणातल्या शेवटच्या सोमवारी गांधीग्रामच्या पूर्णेचं पाणी खांद्यावर घेऊन राजराजेश्वरापर्यंत रात्रभर चालणारी कावड ज्यांनी पाहिलीय, जिच्यापुढे लोटांगण घालावं अशी ती गर्दी ज्यांनी अंगावर झेललीय, त्यांना गोंडोलाच्या दहा मिनिटांच्या शिस्तबद्ध रांगेनं गुदमरायला होतं? शनिवार-रविवारी आणि चिनी नववर्षाच्या आसपास गर्दी असते, मान्य. मग मंगळवारी जा.

आता चिखलदरा. हा मुद्दा मला मनापासून आवडला, कारण तो मांडणाऱ्याला त्यातली गंमत ठाऊक नव्हती. निसेको अन्नुपुरी, ज्याच्या बर्फासाठी जग तडफडतं, त्या डोंगराची उंची १,३०८ मीटर. चिखलदऱ्याजवळचं आपलं वैराट १,१७८. फरक अवघा १३० मीटरचा. बर्फ उंचीमुळे पडत नाही तिथं. हिवाळ्यात सैबेरियाकडून कोरडं, गोठलेलं वारं सुटतं. वाटेत जपानचा समुद्र लागतो, तो त्या मानानं कोमट. वारं त्याची वाफ पिऊन घेतं, आणि डोंगराला थटलं की सगळी ओकून टाकतं. निसेकोला एका मोसमात सरासरी चौदा-पंधरा मीटर बर्फ पडतो, म्हणजे चार मजली घर बुडेल इतका. आणि डोंगररांगांच्या पलीकडे, तोक्योच्या बाजूला, लख्ख ऊन. हा खेळ आपल्याला नवा नाही. अरबी समुद्राचं वारं सह्याद्रीला थटतं, महाबळेश्वर बुडतं आणि माणदेश कोरडा राहतो, तोच हिशेब. फक्त तिकडे पाण्याच्या जागी बर्फ. तेव्हा चिखलदऱ्याची थंडी मला प्यारी आहे, तिथली कॉफीही, पण इथं स्वेटर लागतो आणि तिथं फावडं. शिवाय हीच मंडळी चिखलदऱ्याच्या स्कायवॉकची वर्षानुवर्षं वाट बघतायत. तो झाला की पहिल्याच रविवारी परतवाड्याच्या पुढे घाटात गाड्यांची रांग लावतील. आपल्या घरचं मोठं झालं की विकास, दुसऱ्याचं मोठं झालं की बाजार!

"मग गुलमर्गला का नाही गेलात? देशातला पैसा देशात राहिला असता." जा की. जरूर जा. पण डोळे उघडे ठेवून जा. गुलमर्ग मुळातच २,६५० मीटरवर, आणि गोंडोलाचा दुसरा टप्पा चार हजारांच्या जवळ नेऊन सोडतो. अकोला तीनशेच्या आसपास. रक्तदाबाची गोळी खाणाऱ्या माणसाला हा फरक पायऱ्या चढतानाच कळतो. हाकुबाचा पायथा आठशेच्याही खाली. माझा दम बर्फानं काढला, हवेनं नाही. आणि बर्फाचं म्हणाल तर २०२४च्या जानेवारीत गुलमर्गचे उतार महिनाअखेरपर्यंत कोरडे होते. घोडेवाले, स्लेजवाले हातावर हात ठेवून बसलेले साऱ्या देशानं पाहिले. तो दोष काश्मीरचा नाही, बदलत्या हवामानाचा. पण सुट्टी मोजून मिळालेल्या माणसानं भरवसा कशावर ठेवायचा?

पैशाचं मी लपवत नाही. निसेकोला लिफ्टचं दिवसाचं तिकीट आता दहा हजार येनांच्या पुढे गेलंय, म्हणजे किमान साडेपाच-सहा हजार रुपये. खिशाला चटका बसतो. अमेरिकेतल्या नामांकित डोंगरांवर ऐनवेळी खिडकीत तेच तिकीट दोनशे-तीनशे डॉलरला पडतं, हे सांगून तो चटका कमी होत नाही. पण 'पैशाचा माज' हा शब्द कोण वापरतं? ज्यांनी गेल्याच महिन्यात मुलाच्या लग्नात लॉन, ड्रोन आणि नवरदेवाच्या घोडीपुढे रात्री अकरापर्यंत डीजे लावून अख्ख्या पेठेची झोप उडवली, ते. त्या खर्चाचा हिशेब कुणी चौकात मागितला नाही. कापूस विकून कुणी ट्रॅक्टर घेतो, कुणी प्लॉट घेतो. मी माझ्या फंडातून सहा दिवस बर्फात पडलो. कुणाच्या दारात मागायला गेलो नव्हतो.

एक मुद्दा मात्र मला गप्प करतो, आणि तो भाच्यानं काढलाच नव्हता. निसेकोच्या पायथ्याच्या कुत्चानमध्ये जमिनीचे भाव अशा उड्या मारत गेले, की काही वर्षं ते गाव भाववाढीत साऱ्या जपानात पहिल्या रांगेत होतं. जिथं आजोबांचा बटाट्याचा मळा होता, तिथं नातवाला भाड्याची खोली परवडत नाही. हे मोठेपणाचं पाप आहे आणि मी त्यावर पांघरूण घालणार नाही. म्हणून निसेकोऐवजी दुसरीकडे जा म्हणालात तर तुमच्या बाजूनं उभा राहीन. पण सगळे 'जाणकार' उद्या शोधत शोधत छोट्या गावांत पोचले, तर तिथले भाव काय पाळण्यात झोपून राहतील? ज्या गावात दहा खोल्या आहेत तिथं बारा अस्सलपणाचे भुकेले पोचले, की अकराव्यापासून लिलाव सुरू. हाकुबाला हजार माणसं जास्त आली तरी डोंगर हूं की चूं करत नाही.

राहिला तो 'पावडर'चा मुद्दा. मशीननं दाबून सपाट केलेल्या उतारावर म्हणे मजा नाही. खरी मजा झाडांतल्या अस्पर्श, पिठासारख्या बर्फात. असेल. त्याच बर्फात झाडाच्या बुंध्याभोवती पोकळ खड्डे राहतात, वरून दिसत नाहीत, आणि डोक्याकडून आत गेलेला माणूस एकट्यानं बाहेर येत नाही. म्हणून निसेकोनं हद्दीवर दरवाजे बसवले, कधी उघडायचे आणि कधी बंद ठेवायचे याचे नियम केले, दोराखालून जाणाऱ्याचा पास जप्त करण्याची तजवीज केली. हेही मोठ्या रिसॉर्टनंच केलं. दोर ओलांडून अडकलात, तर शोधायला निघालेल्यांचा खर्च तुमच्याच माथी बसू शकतो. ज्याला जायचंय त्यानं जावं, वाटाड्या घेऊन जावं. पण मला चतकोर जमवायला तीन खेपा लागल्या; मला तुम्ही कुठल्या तोंडानं रानातला बर्फ सुचवता?

ओनसेनचंही, म्हणजे गरम झऱ्याच्या सार्वजनिक स्नानाचंही, सांगून टाकतो, कारण टपरीवर सगळ्यात जास्त रस त्यातच होता. हो, विवस्त्र. एक कपडाही चालत नाही, हातातला छोटा रुमाल तेवढा, आणि तोही पाण्यात बुडवायचा नाही. पहिल्या दिवशी मी दारातून परत आलो. दुसऱ्या दिवशी मांड्या इतक्या ठणकत होत्या की लाज आपोआप गळाली. बाहेर बर्फ पडतोय, गळ्यापर्यंत ऊन पाणी, शेजारी एक जपानी आजोबा डोळे मिटून बसलेले. ते माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत. जाताना मान तेवढी लववली. भाच्याचा 'खरा जपान' मला भेटला असेल तर तो तिथं, एका मोठ्या, धंदेवाईक, तिकीटखिडकी असलेल्या रिसॉर्टच्या तळमजल्यावर.

तेव्हा भाच्या, नीट ऐक, आणि चौकातल्या मंडळींनाही वाचून दाखव. मी चुकून मोठ्या रिसॉर्टला गेलो नव्हतो. छोटं बघून, तिथून हात हलवत परत येऊन, मग गेलो. तिथं माझ्या पायाचा बूट होता, मला कळेल अशा भाषेत शिकवणारी मुलगी होती, आणि माझ्या पडण्याची कुणाला नवलाई नव्हती. तुला तुझ्या निर्मनुष्य डोंगरावर जायचं असेल तर जा, मी स्टेशनवर सोडायला येतो. मामीनं येत्या जानेवारीसाठी मुलीकडून तारखा मागवल्यात. हाकुबाच्याच. आम्ही त्याच सरकत्या पट्ट्यावर असू, पुढे कुणाचं तरी चार वर्षांचं पोर, मागे सिंगापूर नाहीतर सिडनी, आणि पायांत, या खेपेला पहिल्याच उतरणीला, चतकोर.